घरच्या टीपीएनची नळी आणि रक्तातला संसर्ग: प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

कामाला सुरुवात. आतडं पुरेसं काम करत नसल्यामुळे ज्यांना घरीच शिरेतून पोषण (टीपीएन) घ्यावं लागतं, त्यांच्या नळीतून रक्तात जंतू जाऊ नयेत यासाठी घरी पाळता येईल अशी पद्धत बसवायची आहे. रुग्ण तीन प्रकारचे: आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन लहान आतड्याचा बराच भाग काढावा लागलेले, क्रोहन या आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणाऱ्या आजारासाठी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झालेले, आणि जन्मानंतर लगेच आतड्याला पीळ पडलेली मुलं. या सगळ्यांचं जेवणाचं ताट म्हणजे ही नळी. एक नळी काढली की पुढची शीर शोधावी लागते. अशा मोठ्या शिरा शरीरात मोजक्याच असतात: मानेत दोन, गळपट्टीच्या हाडाखाली दोन, जांघेत दोन. वारंवार नळ्या बदलल्याने त्या एकेक करून बंद पडत जातात, आणि पुढे पोषण द्यायला वाटच उरत नाही.

मोजमाप जगभर वापरतात तेच घेतलं: दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाच्या अंगात नळी असलेला एक दिवस म्हणजे एक नळी-दिवस) किती संसर्ग. घरी टीपीएन घेणाऱ्या प्रौढांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली निघाला. त्यात हा दर ०.३८ ते ४.५८ इतका पसरलेला आहे. घरच्या माणसांना हे असं सांगायचं: एका टोकाला साधारण सात वर्षांत एक संसर्ग, दुसऱ्या टोकाला साधारण सात महिन्यांत एक. नळ्या दोन्हीकडे जवळपास त्याच, बॅगाही त्याच. बराचसा फरक हातांचा आणि शिकवण्याचा आहे. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड आणि लंडनच्या सेंट मार्क्स इथे आतडं निकामी झालेल्यांसाठी राष्ट्रीय केंद्रं आहेत. तिथे रुग्ण किंवा घरचं माणूस पूर्ण तयार झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. हा भाग जसाच्या तसा उचलायचा.

१३ जून

जंतू आत शिरतात कुठून? वाटा मुख्यतः दोन. नळी नवी असताना त्वचेवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या बाजूने, बाहेर पडण्याच्या छिद्रातून आत सरकतात. नळी महिनोन्‌महिने राहिली की दुसरी वाट जास्त चालते: नळीचं तोंड म्हणजे हब, आणि तिथून नळीच्या आतल्या भिंतीने पुढे. आमचे रुग्ण या दुसऱ्या गटातले. म्हणून सगळं लक्ष हबवर.

मग हब एका रात्रीत किती वेळा हाताळला जातो ते कागदावर मोजलं. आदल्या दिवशीचं लॉक (बॅग नसताना नळीत भरून ठेवायचं औषध) काढणं एक. सलाईनने धुणं दोन. बॅगेचा सेट (बॅगेपासून हबपर्यंतची जोडनळी) जोडणं तीन. सकाळी सेट काढून पुन्हा सलाईन चार. नवीन लॉक पाच. सातही रात्री बॅग असेल तर वर्षाला १८२५ वेळा. यात रक्ततपासणी, लोहाचं इंजेक्शन, एखादी वेगळी अँटिबायोटिक धरलेली नाही. हा आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवला आहे. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून बघायचा: यामुळे उघडणं वाढतं की घटतं?

लगेच सापडलेली तीन उत्तरं. रक्त शक्यतो हाताच्या शिरेतून काढायचं, नळीतून नाही. लॉकमध्ये हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) नसेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल, तर जुनं लॉक वेगळ्या सिरिंजने न काढता सलाईनबरोबर हळू आत जाऊ द्यायचं; एक उघडणं वाचतं. आणि दर भेटीला आहारतज्ज्ञांना विचारायचं की आठवड्याची एखादी रात्र कमी करता येईल का. पाणी, सोडियम आणि वजन सांभाळून पाच रात्रींवर येता आलं तर वर्षाची १८२५ उघडणी १३०० वर येतात. फक्त संसर्गाच्या भीतीने रात्र कमी करायची नाही. उपाशी माणसाची प्रतिकारशक्तीही उपाशीच असते.

१९ जून

नळीची निवड. थोडक्यात: दीर्घकाळासाठी छातीवरून त्वचेखालून बोगदा काढून बसवलेली, कफ (त्वचेखाली नळीभोवती असलेली पट्टी) असलेली, एकाच पोकळीची नळी, टोक वरच्या महाशिरेच्या आणि उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या) सांध्याजवळ. दोन-तीन पोकळ्यांची नळी ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून बसवू नये. प्रत्येक जादा पोकळी म्हणजे जादा तोंड, आणि वापर नसलेल्या तोंडाकडे कोणी बघत नाही. दंडातली पिक लाईन काही महिन्यांपुरती ठीक. स्वतःच जोडणी करणाऱ्या रुग्णाला ती गैरसोयीची, कारण एकाच हाताने काम करावं लागतं.

कफबद्दल घरच्यांना नीट सांगावं लागतं. ब्रोव्हिॲकने १९७३ मध्ये आणि हिकमनने १९७९ मध्ये सिॲटलला ज्या सिलिकॉनच्या नळ्या पुढे आणल्या, त्यांच्यावर त्वचेखाली डॅक्रॉनची छोटी पट्टी होती. तीन-चार आठवड्यांत आजूबाजूची ऊती तिच्यात वाढते. तिने नळी धरली जाते आणि बाहेरून येणाऱ्या जंतूंना अडसर होतो. तोवर टाके काढायचे नाहीत, नळी ओढली जाऊ द्यायची नाही. कफ बाहेर दिसू लागला तर ते निस्तरायला रुग्णालयातच यायचं.

२७ जून

घरची जागा. स्वयंपाकघराचा ओटा नको, न्हाणीघर नको, देवघरासमोरची चौकी नको (उदबत्तीची राख उडते). पुसता येईल असं छोटं टेबल किंवा घडीचा स्टॅण्ड, त्यावर कडा असलेला स्टीलचा ट्रे. ट्रे फक्त याच कामाचा. त्यात कधीही भाजी निवडायची नाही. आधी साबणाच्या पाण्याने, मग ७० टक्के अल्कोहोलच्या पुसणीने पुसायचा आणि वाळू द्यायचा. जोडणीआधी दहा मिनिटं पंखा बंद, खिडकी बंद, झाडलोट नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. फोन वाजला की हात आपोआप जातोच, म्हणून तो समोर नसलेलाच बरा.

एका जोडणीचं सामान: टीपीएनची बॅग, नवीन सेट, १.२ मायक्रॉनचा फिल्टर (चरबीसह मिश्रणासाठी हाच, ०.२ चा फिल्टर चरबीला चालत नाही), १० मिलि सलाईन, वेगवेगळ्या पाकिटातल्या अल्कोहोल पुसण्या किमान सहा, मास्क, हातांसाठी अल्कोहोल रब, कागदी नॅपकिन. बॅग फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेली असेल तर तास-दोन तास आधी बाहेर काढायची, गरम पाण्यात बुडवायची नाही. तीन कप्प्यांची बॅग असेल तर कप्पे फोडल्यावर लेबलवरच्या वेळेत वापरायची, आणि टांगल्यानंतर २४ तासांत काहीही उरलं तरी टाकून द्यायची. साखर, अमिनो आम्लं, चरबी: जंतूंनाही हेच आवडतं.

जीवनसत्त्वं घरी मिसळायची असतील तर एकदाच वापरायचे अँप्युल घ्यायचे, बॅगेचं तोंड १५ सेकंद घासायचं आणि जोडणीच्या अगदी आधी मिसळायचं. अर्धी उरलेली व्हायल उद्यासाठी ठेवायची नाही.

३ जुलै

आजची नोंद सलाईनच्या बाटलीवर. आपल्याकडच्या वॉर्डात वर्षानुवर्षं दिसणारं दृश्य: १०० किंवा ५०० मिलिची बाटली, तिच्या बुचात टोचून ठेवलेली सुई, आणि दिवसभर येईल तो त्या सुईला सिरिंज लावून सलाईन ओढतो. वरून ती ‘स्टराईल’च दिसते. पण सुईचं उघडं तोंड खोलीतल्या हवेला आणि प्रत्येक हाताला लागत असतं. बाटलीत एकदा क्लेब्सिएला किंवा एंटेरोबॅक्टरसारखे जंतू गेले की ते साध्या सलाईनमध्येही टिकतात, आणि मग प्रत्येक ‘धुण्या’बरोबर रक्तात जातात. घरची माणसं वॉर्डात जे बघतात तेच घरी करतात. म्हणून नियम: मोठी बाटली घरी द्यायचीच नाही. १० मिलिचे प्लॅस्टिक अँप्युल किंवा भरून आलेल्या सिरिंजा. उघडला तो त्याच वेळी संपवायचा. थोडा महाग पडतो हे खरं आहे. तरीही एका संसर्गामागे दहा-चौदा दिवस रुग्णालयात दाखल राहणं आणि अँटिबायोटिकचा खर्च समोर ठेवला की तो महाग वाटत नाही.

त्याच कपाटातली दुसरी वस्तू म्हणजे स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी. झाकण उघडलं की अल्कोहोल उडतं, वरचे बोळे नुसते ओले राहतात, आणि बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. बरणी बंद. एकेका पाकिटातली पुसणीच.

११ जुलै

हब घासणं. हे सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत जास्त चुकणारं काम. रिकाम्या सराव-नळीवर बराच वेळ घालवला.

हबवर नीडल-फ्री कनेक्टर असतो, म्हणजे सुईशिवाय सिरिंज जोडता येणारी टोपी. त्याच्या तोंडावर चपटी सिलिकॉनची बुची आणि बाजूने आटे. लोक बुची पुसतात आणि आटे विसरतात. चरबीच्या मिश्रणानंतर आट्यांच्या खाचेत दुधासारखी पांढरी बारीक रेघ राहते. दिव्याखाली कनेक्टर तिरका धरला तरच ती दिसते. ती नुसत्या एका फटकाऱ्याने जात नाही. पुसणी चिमटीत धरून आट्यांवर लिंबू पिळल्यासारखी फिरवावी लागते. आपली पद्धत: पुसणीची एक बाजू बुचीवर, दुसरी आट्यांवर, दाबून १५ सेकंद फिरवत घासायचं. मग सुटं धरून वाळू द्यायचं. ओलेपणाची चमक जाईपर्यंत काहीही जोडायचं नाही. जंतू मारायला अल्कोहोलला संपर्काचा वेळ लागतो, आणि ओल्यावर सिरिंज लावली तर ते अल्कोहोल जंतूंसकट आत ढकललं जातं. फुंकर मारायची नाही. हातपंख्याने वारा घालायचा नाही. घासून झालेलं तोंड ट्रेवर टेकवायचं नाही; टेकलं, बोट लागलं, अंगरख्याला लागलं, तर नवीन पुसणी आणि पुन्हा १५ सेकंद. प्रत्येक सिरिंजेआधी वेगळी पुसणी.

१५ सेकंद म्हणजे किती हे माणसाला अंदाजाने कळत नाही. घाईत ते चार-पाच सेकंदांवर येतात. मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं पंधरापर्यंत मोजायचं. शिकायला आलेल्या एका आजोबांनी ‘शुभं करोति’चा पहिला श्लोक सावकाश म्हणायचा असं ठरवलं. घड्याळ लावून बघितलं, वेळ जमते. चालेल.

कनेक्टर आठवड्यातून एकदा, ड्रेसिंगच्याच दिवशी बदलायचा. आत रक्त अडकलेलं दिसलं, किंवा काही कारणाने काढावा लागला, तर लगेच नवा. रोज बदलल्याने फायदा होत नाही, उलट नळी उघडी पडते. बदलताना आधी नळीचा क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) बंद.

१२ जुलै

कालच्याला जोड: बॅग संपल्यावर २० मिलि सलाईन हवं, कारण चरबीचा थर नुसत्या १० मध्ये जात नाही. पण दहा-दहाच्या दोन सिरिंजा म्हणजे दोन उघडणी. दोन अँप्युल एकाच २० मिलिच्या सिरिंजमध्ये ओढून एकदाच जोडायचं. १० मिलिपेक्षा लहान सिरिंज नळीला लावायची नाही; तिचा दाब जास्त पडतो, नळी फुटू शकते. ढकलताना एकसारखं नाही, तर थोडं, थांबा, थोडं, थांबा. या धक्क्यांनी भिंतीवरचं निघतं. शेवटचा अर्धा मिलि ढकलत असतानाच क्लॅम्प लावायचा, म्हणजे टोकाशी रक्त मागे येत नाही. मागे आलेलं रक्त गोठलं की जंतूंना बसायला जागा मिळते.

२२ जुलै

पाऊस लागला आणि ड्रेसिंगचे फोन सुरू झाले. घामाने आणि दमटपणाने पारदर्शक ड्रेसिंगच्या कडा सुटतात. नियम: पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवस, कापडी गॉज २ दिवस, आणि सुटलं, ओलं झालं, मळलं तर त्या क्षणी, वार न बघता. सुटलेल्या कडेवर वरून चिकटपट्टी मारून ‘रविवारपर्यंत चालवणं’ ही या महिन्यातली मुख्य चूक. आत साचलेल्या घामावर जंतू मजेत वाढतात.

बदलण्याची रीत: मास्क रुग्णालाही आणि करणाऱ्यालाही. जुनं ड्रेसिंग छिद्राच्या दिशेने सोलायचं, नळी एका बोटाने धरून, म्हणजे ती ओढली जात नाही. हात पुन्हा स्वच्छ, मग निर्जंतुक हातमोजे. २ टक्के क्लोरहेक्झिडिन आणि ७० टक्के अल्कोहोल असलेलं द्रावण, मागे-पुढे ३० सेकंद घासायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. दमट हवेत वाळायला जास्त वेळ लागतो, थांबायचं. ओल्या त्वचेवर चिकटवलेलं ड्रेसिंग दोन दिवसांत सुटतं आणि खालची कातडी सोलवटते. क्लोरहेक्झिडिन सोसत नसेल तर आयोडिन, पण त्याला वाळायला दोन मिनिटं द्यावी लागतात. अगदी लहान बाळांना काय लावायचं ते बालरोगतज्ज्ञांनीच सांगायचं.

छिद्रापासून २ सेंटीमीटरच्या आत लाली, दुखणं, पू: जागेचा संसर्ग. लाली किंवा दुखणं त्यापुढे बोगद्याच्या रेषेवर गेलं: बोगद्याचा संसर्ग. तिथे नळी बहुधा काढावीच लागते. म्हणून ड्रेसिंगच्या दिवशी उजेडात फोटो काढून पाठवायचा. शब्दांपेक्षा फोटो बरा.

आंघोळ: बादली-तांब्याची आंघोळ करणाऱ्या माणसाचा हात सवयीने खांद्यावरून पाणी ओततो. बसून, कमरेखाली पाणी घ्यायचं, छातीवरच्या भागाला पिळलेलं फडकं. विहीर, नदी, शॉवरखाली उभं राहणं नाही. कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पट्टीने वर चिकटवून.

५ ऑगस्ट

लॉक. बॅग नसताना नळीत काय भरून ठेवायचं? हेपरिनने संसर्ग कमी होत नाहीत, म्हणून नियमित लॉकसाठी सलाईन पुरेसं मानलं जातं. त्याउपर टॉरोलिडिन. हे टॉरिनपासून बनलेलं रसायन आहे. जंतूंच्या भिंतीला चिकटून ते त्यांना मारतं आणि नळीच्या भिंतीवर थर बसू देत नाही. ते अँटिबायोटिक नसल्यामुळे अँटिबायोटिकला निर्ढावलेले जंतू तयार होण्याची भीती तिथे नाही. हॉलंडच्या नायमेगेनमधल्या आणि डेन्मार्कमधल्या चाचण्यांत घरी टीपीएन घेणाऱ्यांमध्ये टॉरोलिडिनने संसर्ग घटले. एस्पेन या युरोपीय पोषण-संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही ते सुचवतात. इथेनॉलचं लॉक त्या सुचवत नाहीत. पॉलियुरेथेनच्या नळ्या त्याने खराब होतात आणि नळी बंद पडण्याचं प्रमाण वाढतं. आपणही ते यादीतून काढलं.

प्रमाणाची चूक सहज होते. नळीच्या पाकिटावर आतल्या पोकळीचं आकारमान छापलेलं असतं, पण बसवताना नळी कापून आखूड केलेली असते. आकारमान कमी होतं. कनेक्टरचं मात्र त्यात मिळवावं लागतं. कमी भरलं तर टोकाचा भाग उघडा राहतो, जास्त भरलं तर औषध रक्तात जातं आणि तोंडाला विचित्र चव येते, छातीत चुरचुरतं. घरी सोडण्याआधी शस्त्रक्रिया-टिपणातून उरलेली लांबी बघून आकडा काढायचा आणि नळी-कार्डावर मोठ्या अक्षरात लिहायचा. घरच्यांनी डोक्यात ठेवायचा नाही, कार्डावर बघायचा. आधी सलाईन, मग लॉक, सावकाश. चरबीवर थेट लॉक भरलं तर ते भिंतीपर्यंत पोचतच नाही.

१९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. मनगटावर आज धागे आहेत, आणि पुढे नवरात्र, देवीचा दोरा, पत्रिकेचा गंडा. ओला धागा दिवसभर ओला राहतो. हात कितीही धुतले तरी त्याखालची कातडी धुतली जात नाही, आणि जोडणी करताना धाग्याचं टोक बरोबर हबवर लोंबतं. ‘काढून टाका’ म्हटलं की माणूस दुखावतो आणि ऐकतही नाही. त्यापेक्षा ‘कोपराच्या वर दंडावर बांधा’ हे लगेच मान्य होतं. बांगड्यांचंही तेच: हिरव्या चुड्यातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून सैल पट्टीने धरायच्या. अंगठ्या काढायच्या. नखं मुळापासून. मंगळसूत्र पाठीवर टाकायचं, पदर खोचायचा.

हात धुणं: साबण, वाहतं पाणी, ४० ते ६० सेकंद, अंगठ्याची मुळं आणि नखांची टोकं विसरायची नाहीत. नळ कोपराने किंवा कागदाने बंद. पुसायला कागदी नॅपकिन. पावसाळ्यात दारामागे लटकणारा दमट पंचा म्हणजे सगळं धुणं वाया. सामान मांडून झाल्यावर, जोडणीच्या आधी, अल्कोहोल रब पुन्हा एकदा.

२ सप्टेंबर

शनिवारी गणपती. घर भरलेलं असणार, आरतीची वेळ आणि बॅगेची वेळ एकच. रात्रीची जोडणी आरतीनंतर तासाभराने, दार लावून, असं ठरवून ठेवायला सांगितलं. पाहुण्यांनी ‘आम्ही धरतो ना’ म्हणून मदत करायची नाही.

आजच तापाचं कार्ड पक्कं केलं. या दिवसांत डेंग्यू, मलेरिया, साधा फ्लू सगळंच असतं, आणि घराजवळचे डॉक्टर ताप बघून पॅरासिटामॉल आणि एक अँटिबायोटिक लिहून देतात. नळीच्या रुग्णात इथे मौल्यवान वेळ जातो, आणि अँटिबायोटिकचा एक डोस पडला की कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू सापडणं अवघड होतं. कार्डावरचा मजकूर:

‘माझ्या छातीत मध्यवर्ती शिरेची नळी आहे. ३८ अंशांवर ताप किंवा थंडी वाजून हुडहुडी म्हणजे नळीचा रक्तसंसर्ग समजावा, इतर कारण सिद्ध होईपर्यंत. कल्चरआधी अँटिबायोटिक देऊ नये. या नळीतून इतर कुठलंही सलाईन किंवा इंजेक्शन देऊ नये.’

बॅग सुरू केल्यावर किंवा नळी धुतल्यावर तास-दोन तासांत हुडहुडी भरली तर ती जवळजवळ निशाणीच. पंप थांबवायचा, क्लॅम्प लावायचा, सेट सोडून हब नव्या टोपीने बंद करायचा. नळीतून सलाईनही ढकलायचं नाही, त्याने जंतूंची आणखी एक खेप रक्तात जाते. बॅग आणि सेट फेकायचे नाहीत, पिशवीत घालून बरोबर न्यायचे. बॅग अर्धवट थांबली हे रुग्णालयाला सांगायचं, विशेषतः मुलांच्या बाबतीत, कारण साखर उतरू शकते.

ताप न येताही संसर्ग असतो. मूल मलूल होतं, खेळत नाही. मोठ्यांची साखर कारण नसताना चढते, डोळे पिवळसर होतात, रक्तदाब घसरतो. हे चारही कार्डाच्या मागच्या बाजूला.

१७ सप्टेंबर

तातडीच्या विभागासाठी एक पान. कल्चर दोन जागांहून एकाच वेळी: नळीतून आणि हाताच्या शिरेतून, सारख्याच प्रमाणात, प्रौढांत बाटलीमागे ८ ते १० मिलि. बाटलीवर ‘नळी’ आणि ‘शीर’ स्पष्ट लिहायचं. नळीतल्या रक्ताची बाटली शिरेतल्यापेक्षा किमान १२० मिनिटं आधी पॉझिटिव्ह आली तर जंतूंचं घर नळीत आहे. बाटल्यांत रक्त कमी-जास्त असेल तर ही तुलना फसते. दोन्ही बाटल्या एकाच वेळी यंत्रात गेल्या नाहीत तरीही फसते. रात्री एक बाटली टेबलावर राहून जाते, हे प्रत्यक्ष घडतं.

मग नळी काढायची की वाचवायची? स्टॅफिलोकोकस ऑरियस, कँडिडा (बुरशी), बोगद्याचा संसर्ग, रुग्ण शॉकमध्ये, किंवा योग्य औषधं सुरू करूनही ७२ तासांनी रक्तात जंतू: काढायची. त्वचेवरचे साधे कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकाय असतील आणि रुग्ण स्थिर असेल तर अँटिबायोटिकबरोबर अँटिबायोटिकचं लॉक देऊन १० ते १४ दिवसांत नळी वाचवता येते. नळी वाचवण्याचा हट्ट आणि जीव वाचवणं यात गल्लत होऊ नये, म्हणून पहिली यादी पानाच्या अगदी वर छापली.

३० सप्टेंबर

शिकवणं कधी पूर्ण झालं म्हणायचं? किती दिवस झाले यावर नाही, काय जमतं यावर. घरी जोडणी करणाऱ्याने सलग तीन वेळा, आमच्यापैकी कोणी एक शब्द न बोलता, सगळी जोडणी आणि सोडणी बिनचूक करायची. मध्ये एक चूक झाली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. पण चूक स्वतःच्या लक्षात येऊन पुसणी बदलली, तर ती चूक धरायची नाही. तेच तर शिकवायचं आहे. प्रत्येक घरी दोघांनी शिकायचं. एकट्याच करणाऱ्या आईला ताप आला की तिसरंच कोणी नळीला हात लावतं.

सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. सफाई आली की पायऱ्या गळतात, आणि पहिली गळते ती वाळू देण्याची.

१४ ऑक्टोबर

नळी फुटली, चीर गेली, गळू लागली तर: फुटलेल्या जागेच्या आणि अंगाच्या मधे, दात नसलेला क्लॅम्प, तो नसेल तर नळी दुमडून गॉजमध्ये घट्ट बांधायची आणि लगेच यायचं. सिलिकॉनची नळी दुरुस्तीच्या जोडाने पुन्हा वापरता येते, म्हणून काढायची घाई नको. क्लॅम्प रोज त्याच एका जागी लावल्याने ती जागा झिजते. क्लॅम्पसाठी जाड केलेला भाग असतो, तिथेच लावायचा.

नळी जड चालते, सलाईन जोर लावून जातं: जोर लावायचा नाही. रक्ताची गुठळी असेल तर रुग्णालयात अल्टेप्लेज २ मिलिग्रॅम २ मिलिमध्ये देऊन ती विरघळवतात. अर्धवट तुंबलेली नळी आठवडाभर चालवत राहणं म्हणजे जंतूंना गादी घालून देणं.

८ नोव्हेंबर

मोजणीचा तक्ता नीट बसवला. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक रुग्णाचे नळी-दिवस लिहायचे. नळी अंगात आहे तो प्रत्येक दिवस मोजायचा, बॅग असो वा नसो. रुग्ण मोजके असताना दराचा आकडा उड्या मारतो: दोघांचे मिळून वर्षाचे ७३० दिवस आणि एकच संसर्ग, की दर १.३७. त्यामुळे दराबरोबर ‘शेवटच्या संसर्गानंतरचे दिवस’ हाही रकाना ठेवला. घरच्यांना हाच कळतो, आणि ते तो स्वतःहून विचारतात.

प्रत्येक संसर्गानंतर ४८ तासांत चौकशी, दोष शोधायला नाही. आधीच्या सात दिवसांत नळी कोणी कोणी उघडली, कुठे, कशासाठी? लोहाचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात दिलं? प्रवासात जोडणी कुठे झाली? ड्रेसिंग कधी सुटलं होतं? पुसणीच्या पाकिटांचा साठा आणि जोडण्यांची संख्या जुळते का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. पाकिटं उरत असतील तर घासणं होत नाहीये, आणि हे कोणाला न दुखावता कळतं.

पुढच्या महिन्याची मागणी: पुसण्यांची पाकिटं, २० मिलि सिरिंजा, १.२ मायक्रॉनचे फिल्टर. कनेक्टर दर रुग्णामागे ५ ऐवजी ७, कारण पडून-लागून वाया जातात, आणि शिल्लक नसली की जुनाच परत लावला जातो.